बेसची चोरी

बाबांचे स्पीकर माळ्यावरून खाली काढायचं मी ठरवलं, तेव्हा बाबा यायला पाच दिवस उरले होते. ते आमच्याकडे कायमचे राहायला येणार होते आणि त्यांची अट एकच होती : "माझे स्पीकर चालू असतील तर येतो."

गेली अकरा वर्षं दर रविवारी फोनवर मी त्यांना सांगत आलो होतो, की स्पीकर बाहेरच्या खोलीत आहेत, रोज पुसतो, अधूनमधून वाजवतोही. (एकतीस वर्षं वार्ताहर म्हणून मी भल्याभल्यांचं खोटं उघडं पाडलं. स्वतःचं सांभाळायला वेगळी अक्कल लागते.)

"माणूस बोलवा," बायको म्हणाली.

"माणूस कशाला? आयुक्तांची फाइल उघडणाऱ्याला दोन खोकी उघडता येणार नाहीत?"

उघडली. कागदी कर्ण्याभोवतीची स्पंजाची कड बोट लावताच भुगा झाली. मी त्या भुग्यावर व्हॅक्यूम क्लीनर लावला. भुगा गेला, आणि कर्ण्याच्या मधोमध असलेली वाटीएवढी टोपीही सटकन नळीत गेली.

"आयुक्त अडकले वाटतं," बायको म्हणाली.

शेवटी गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो.

"कुठे ठेवले होते, साहेब? विहिरीत?"

"प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे," मी म्हणालो. तरी त्याने माझ्या तोंडून सगळं काढून घेतलंच.

चार दिवसांनी स्पीकर मिळाले. देताना तो म्हणाला, "मागे लाल टोकाला लाल वायर, काळ्याला काळी. दोन्हींना तसंच हं."

मी उसळलो. "वीज कंपनीच्या घोटाळ्यावर सात भागांची मालिका लिहिलीय मी. वायरी मला शिकवू नका!"

दुसऱ्या दिवशी बाबा आले. पाणीही न पिता समोरच्या खुर्चीत बसले. मी रेकॉर्ड लावली. गाणारी बाई न्हाणीघरातून गात असावी तशी गायली, आणि ढोल तर बहुधा शेजारच्या घरी वाजत होता.

बाबांचा चेहरा पडला. "हे काय रे? बेस कुठे गेला, तो खर्जातला घुमारा?"

"चोरीला गेला, बाबा!" मी गरजलो. "त्या भामट्याने आतला मूळ माल काढून नकली कोंबलाय!"

"अहो, आधी त्यांची बाजू तरी ऐका," बायको म्हणाली.

"बाजू ऐकली की बातमी मवाळ होते."

मी दुकानाच्या फोटोसकट सोसायटीच्या ग्रुपवर 'सावधान!' असा मजकूर टाकला. तासाभरात दोघांनी त्याच्याकडून आपले रेडिओ परत नेले आणि तिसऱ्या तासाला तो स्वतः दारात उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. "बाबा, जरा स्पीकरच्या मागे बघू?" त्याने विचारलं.

त्याने एक स्पीकर वळवला. लाल टोकावर काळी वायर ऐटीत बसली होती.

"हा पुढे ढकलतो तेव्हा तो मागे ओढतो," तो म्हणाला. "दोघं एकमेकांचा आवाज खातायत." त्याने वायरींची अदलाबदल केली, आणि ढोल असा आला, की खिडकीची काच थरथरली.

बाबांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडून विचारलं, "कड नवीन घातलीत?"

"घालावीच लागली! अकरा वर्षं माळ्यावर पडल्यावर काय राहणार? टोपी तर साहेबांनी नळीनं ओढून..."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. (संकटात ती नेहमी भांडी घासते.)

"रोज पुसत होतास ना?" बाबांनी विचारलं आणि आपली बॅग उचलली.

"बाबा, ऐका तरी..."

"मी राहायचं की नाही, ते नंतर बघू. आधी ह्यांची माफी माग. लेखी, जिथे बदनामी केलीस तिथेच."

एकतीस वर्षांत मी कुणाचा साधा खुलासा छापू दिला नव्हता. तरी बसलो आणि लिहिलं : 'काही तांत्रिक कारणामुळे गैरसमज निर्माण झाला...'

बाबांनी चष्मा लावला. "तांत्रिक कारण म्हणजे कोण?"

"मी."

"मग 'मी' लिही. आणि अकरा वर्षांचंही येऊ दे."

लिहिलं. 'वायर मी उलटी लावली. ह्यांनी काम चोख केलं होतं. स्पीकर अकरा वर्षं माळ्यावर पडले होते आणि मी वडिलांशी खोटं बोललो. टोपी मीच व्हॅक्यूमने ओढली.' मेकॅनिकने ते वाचलं, मान हलवली आणि जाता जाता त्या नेलेल्या रेडिओंच्या मालकांची नावं मला लिहून दिली. "जाऊन सांगा त्यांना," म्हणाला.

बाबांनी मजकूर एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. बॅग खाली ठेवली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत ते असं कधी म्हणाले नव्हते.

"खरंच, बाबा?"

"खरंच. तुझं मी शेवटपर्यंत वाचलेलं हे पहिलंच."