पाठीवरून ओळखणारी अंजनाकाकू

आमच्या वलगावची अंजनाकाकू माणसाला तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखायची. समोरून गेलं की विचारायची, "कोन हाय बाप्पा?" चार पावलं पुढे गेलं की मागून हाक, "अवं, तू तं गंगी होय!"

याला कारण होतं. आम्ही माळणी पहाटे डोक्यावर भाजीची टोपली घेऊन एकीमागे एक अमरावतीच्या बाजाराला चालत जायचो. काकू सगळ्यांच्या मागे. तिला जन्मभर पाठीच दिसल्या. "तोंड खोटं बोलते, पाठ नाई बोलत," असं ती म्हणायची. तिचा नवरा पक्का लबाड होता, त्यामुळे तोंडाबद्दलचं तिचं म्हणणं मला पटायचं.

तिचा एकुलता एक सद्या. त्याचे सदरे ती आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यातून शिवायची. हिरवी पाठ दिसली की सद्या. पोरं त्याला 'लुगडं' म्हणून चिडवायची.

इंग्रजांचा अंमल होता. शाळेत नवा हेडमास्तर आला आणि त्यानं सगळ्या पोरांना पांढरा सदरा, खाकी चड्डी लावून दिली. कापड घेताना आमचं कंबरडं मोडलं. तो सदरा लग्नाकार्यात घालायचीही सोय नाही. पण सद्याला चिडवणं बंद झालं. पाटलाचं पोरगं आणि माळणीचं पोरगं सारखं दिसायला लागलं.

हाल झाले ते काकूचे. एक दिवस नाल्यात खेळणाऱ्या पोराला तिनं मागून धरलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. तो वळला, तर पाटलाचा! पाटलीण भांडायला आली. काकू म्हणते कशी, "मंग मी काय करू? तुमी आपल्या पोराले माह्या पोरावानी काहून सजवलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं सद्याच्या पांढऱ्या सदऱ्याला मागून हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. मास्तरानं काढायला लावलं. तिनं परत लावलं. शेवटी सद्यानंच दातांनी टाके तोडले.

"माय, मले साऱ्यायसारखं दिसू दे ना वं!"

"अन् मी तुले कशी वळखू?"

"तोंड पाय ना माहं!"

त्यानंतर तिनं ठिगळ लावलं नाही.

सद्या मोठा झाला, अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला लागला, आणि लढाई सुरू झाली तेव्हा पलटणीत भरती झाला. त्याला निरोप द्यायला मी काकूबरोबर बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेले. फलाटभर खाकी पाठी. काकू एकेका पाठीला हात लावत होती. "सद्या?... माफ कर बाप्पा. सद्या?" गाडी सुटली. तो कोणत्या डब्यात होता तेही कळलं नाही. परत तो आला नाही.

मग काकूनं बाजार सोडला. शाळा सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला मेथी निवडत बसायची. पोरं समोरून आली की मान खाली. पुढे गेली की मान वर.

एकदा मी म्हटलं, "काकू, पोरं तुले राम राम करून राह्यले. त्यायच्या तोंडाकडे तं पाय."

"नोको वं. तोंड पायलं का दुसऱ्याचं निघते."

लांब चाललेल्या पांढऱ्या सदऱ्यांवरून तिची नजर हलली नाही.

"मांगून सारे माहेच हायेत."