लोटननानांचा खुलासा

“कोणी बसायचं नाही! अजून ब्याऐंशी सेकंद बाकी आहेत!”

भडगावच्या कुठल्याही शोकसभेत हा आवाज आला की नव्या तहसीलदारांना वाटतं दंगा झाला, आणि आम्हा जुन्यांना कळतं, लोटननाना आलेत. ‘दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली’ असं माइकवर जाहीर होतं. आपल्याकडे ती दोन मिनिटं किती लांबीची असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. माइकवाला मनात वीस-पंचवीस मोजतो, खाकरतो, ‘ओम शांती’ म्हणतो, की खुर्च्या करकरल्याच. नाना मात्र मनगटावरच्या घड्याळावर डोळे रोवून उभे. अडतिसाव्या सेकंदाला पहिला माणूस टेकला की ते ओरडणारच. एकदा एक मोठे पुढारी अर्धे वाकलेले तसेच मधल्यामध्ये अडकले. खाली बसावं की वर उठावं, काही कळेना. नाना त्यांना म्हणाले, “साहेब, मरणाऱ्यानं पुरा जीव दिला. तुम्ही पुरी दोन मिनिटं तरी द्या.”

मी तालुक्याचा वार्ताहर. जळगावच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतो. त्या सभेची बातमी मी पाठवली, तेव्हा नानांचं वाक्य गाळलं. आमच्याकडे असली वाक्यं गाळायची पद्धत आहे.

नाना एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. गिरणाकाठच्या आमच्याच गावचे. ‘टाइम म्हणजे टाइम’ हे त्यांचं पालुपद. लग्नाचा मुहूर्त बारा छत्तीसचा असेल आणि नवरदेव अजून पारापाशी घोड्यावर झुलत असेल, तरी नाना बारा छत्तीसला रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकून मोकळे. शिवाय पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसायचे. वाढपी म्हणाला, “नाना, लगीन लागू द्या ना,” तर म्हणायचे, “मनापुरतं लागी गयं. तू वरण वाढ.” हसावं की रडावं कळायचं नाही, पण वाढप्याला वाढावंच लागायचं.

टीव्हीवर जवान गेल्याची बातमी आली की ते पेन्सिल घेऊन बसत. जवानाचा फोटो किती सेकंद, पुढाऱ्याचा चेहरा किती सेकंद. मग सकाळी मला फाट्यावर गाठायचे. “नऊ सेकंद, भो! पोऱ्याले नऊ सेकंद आन् हार टाकनाराले दोन मिनिटं. मरेल कोन शे?” मेलंय कोण, हे मला विचारायचे, जसं काही ते चॅनल माझ्याच तीर्थरूपांचं. मी “हो ना, नाना” म्हणून स्कूटरला किक मारायचो.

नानांची बायको केव्हाच गेली. मूलबाळ नाही. शेजारी भिकनआबांचं घर, मध्ये तुरकाट्यांचं कुंपण. आबांचा मुलगा गोकुळ लहानपणापासून त्या कुंपणातल्या भगदाडातूनच जा-ये करायचा. त्यानं सैन्यात भरती व्हायचं ठरवलं आणि नानांना जणू दुसरी नोकरी लागली. रोज पहाटे पूल ते फाटा, सोळाशे मीटर. गोकुळ पळतोय आणि नाना मैलाच्या दगडावर घड्याळ घेऊन बसलेत. “नाना, टाइम?” तो धापा टाकत विचारायचा. सहा मिनिटं वीस सेकंद असले तर नाना त्याला सात सांगायचे. पोरगं चिडायचं आणि दुसऱ्या दिवशी जास्त जोरात पळायचं. आयुष्यात टाइमाच्या बाबतीत नाना खोटं बोलले ते तेवढ्यासाठीच.

गोकुळ भरती झाला. चार वर्षांनी सीमेवर गेला, आणि तिथून तिरंग्यात गुंडाळून परत आला.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अंत्यविधी अकराला ठरला होता. पार्थिव शाळेच्या मैदानात ठेवलं होतं. चैत्राचं ऊन, माणसानं माणसाच्या सावलीत उभं राहावं असं. पण मंत्रीसाहेब यायचे होते ना! ‘साहेब निघालेत’, ‘साहेब पारोळ्यापर्यंत आलेत’, ‘साहेब चहाला थांबलेत’. चहाला! चितेवर लाकडं रचून झाली होती. सैन्यातून सोबत आलेले जवान घामानं निथळत ताठ उभे होते. साहेब आले तीन वाजून दहा मिनिटांनी. ही वेळ मी लिहून ठेवली, कारण त्या दिवशी नाना घड्याळाकडे बघत नव्हते. ते भिकनआबांच्या ओट्यावर बसून, टोपी मुठीत चुरगाळत, लहान मुलासारखे हमसून रडत होते.

साहेब मैदानात जाण्याआधी घरी आले, ‘कुटुंबाचं सांत्वन’ करायला. मागे आठ-दहा कॅमेरे. गोकुळची आई आत बायकांच्या घोळक्यात होती. आबा मागे गोठ्यात होते. सकाळपासून बैलांना कोणी पाणी पाजलं नव्हतं, म्हणून ते बैलांना पाणी पाजत होते. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. साहेबांच्या माणसानं विचारलं, “वडील कुठायत?” कोणीतरी घराकडे हात केला. साहेबांनी पाहिलं, ओट्यावर एकच म्हातारा रडतोय. झालं! दोन्ही हात पसरून त्यांनी नानांना मिठी मारली.

“साहेब, मी नाही...” नाना म्हणत होते. पण त्यांचं तोंड साहेबांच्या जाकिटात दाबलं गेलेलं, शब्द बाहेर येणार कसा? तेवढ्यात एक कॅमेरावाला ओरडला, “साहेब, एकदा परत! मध्ये डोकं आलं!” आणि साहेबांनी परत मारली. देवाशपथ सांगतो, परत मारली. पहिल्यापेक्षा जास्त घट्ट.

मी त्या कॅमेरावाल्याच्या कानात म्हणालो, “अहो, ते वडील नव्हेत.” तो म्हणाला, “मग रडतायत कशाला?”

फोटो वीस मिनिटांत आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर पडला, साहेबांच्या माणसांनी लिहिलेल्या ओळीसकट: ‘वीरपित्याला मिठीत घेताना साहेबांचे डोळे पाणावले’. मी तो जसाच्या तसा जळगावच्या डेस्कला पुढे ढकलला. एक फोन केला असता तर ओळ बदलली असती. मी केला नाही. म्हटलं, कोणाला कळणार आहे? तेव्हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांची यादी कोणी करायला घेतली, तर त्यात खाली कुठेतरी माझंही नाव घाला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे पहिल्या पानावर नाना. गोकुळचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. भिकनआबांचं नाव कुठेच नाही. सुरतेहून नानांच्या भाच्याचा फोन आला, “मामा, तुम्हाला पोरगा कधी झाला?” भाचा हसत होता. नानांनी फोन ठेवला तो महिनाभर उचलला नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की शेजारीपाजारी, सोयरेधायरे रोज त्याच्या दारावर बसायला जातात. बोलायचं काही नसतं. नुसतं ओट्यावर बसायचं, तंबाखू मळायची, उठून यायचं. गोकुळच्या दारावर पंचक्रोशी बसून गेली. कुंपणापलीकडचे नाना तेवढे गेले नाहीत. मागच्या दारानं बाहेर पडायचे आणि मागच्या दारानं आत यायचे. गावात कुजबुज सुरू झाली. मी विचारलं, तर अंगावर आले.

“काय तोंड लई जाऊ? त्याना पोऱ्या गया आन् बाप म्हनीसन मी छापाई गऊ! आबानी जागा चोरी लिधी मी. पहिले खुलासा छाप. मंगच मी त्याना दारवर जासू.”

तेव्हापासून नाना खुलाशाच्या मागे लागले. जळगावला आमच्या कचेरीत गेले. तिथला उपसंपादक म्हणाला, “आजोबा, खुलासा छापला तर साहेबांनी भलत्याच माणसाला मिठी मारली असं होतं. बरं दिसतं का ते?” नाना म्हणाले, “मारलीच आहे. दोनदा मारली.” तिथून ते साहेबांच्या माणसाकडे गेले. त्यानं तर कमालच केली. म्हणाला, “अहो, तुम्हीही वडिलांसारखेच की! वर तुमचा फोटो आला, खूश व्हायचं सोडून...” नानांनी त्याला एस.टी.त तीस वर्षांत कमावलेली सगळी भाषा ऐकवली. ती मी इथे लिहू शकत नाही, पण त्यातला एकही शब्द अनाठायी नव्हता.

त्यावर कडी म्हणजे एक फ्लेक्स लागला, तालुक्याच्या चौकात. मध्ये साहेब, साहेबांच्या छातीवर रडणारे नाना, खाली तालुक्यातल्या सतरा इच्छुकांचे हसरे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांच्या पायथ्याशी गोकुळ. एके दिवशी भर दुपारी नानांनी शेजारच्या सलूनमधून स्टूल मागून आणलं, वर चढले आणि स्वतःच्या तोंडावर खळीनं कोरा कागद चिकटवला. पोलीस धावत आले. शहिदाच्या बॅनरची विटंबना! नानांना ठाण्यात नेलं. फौजदारांनी दरडावलं, “कोणाचा चेहरा झाकलात?”

“मना सोताना!”

फौजदारांनी नानांकडे पाहिलं, मोबाइलमधल्या फ्लेक्सच्या फोटोकडे पाहिलं, परत नानांकडे पाहिलं, आणि हवालदाराला चहा सांगितला. स्वतःचं तोंड झाकण्याबद्दल कुठलं कलम लागतं ते त्यांना सापडेना. मी नानांना आणायला गेलो होतो. परत येताना चौकात तो म्हातारा स्कूटरवर माझ्या पाठीआड तोंड लपवून बसला.  मला माझीच लाज वाटली. घरी आल्याबरोबर मी डेस्कला फोन लावला आणि सांगितलं, खुलासा छापणार नसाल तर दुसरा वार्ताहर शोधा. बरीच बाचाबाची झाली. शेवटी ते कबूल झाले: चार ओळी, आतल्या पानावर, साहेबांचा उल्लेख नाही. आणि त्यासाठी खऱ्या वडिलांचा फोटो आजच्या आज हवा.

मी नानांच्या घरी गेलो. म्हटलं, “नाना, चला. फोटो काढायला माझ्यासोबत चला.” ते कुंपणाशी येऊन थांबले. भगदाडातून पाय टाकायला त्यांना माझा हात धरावा लागला.

भिकनआबा ओट्यावर एकटेच होते. मी खुलाशाचं सगळं सांगितलं. नाना खांबाआड मान खाली घालून उभे. आबांनी ऐकून घेतलं आणि आत गेले. मला वाटलं टोपी घालायला गेले असतील. ते गोकुळची तसबीर घेऊन आले. तसबिरीच्या कोपऱ्यात, काचेच्या आतून, पेपरातलं कात्रण खोचलेलं होतं. कात्रणात रडणारे नाना होते, एकटेच. साहेबांना आबांनी कात्रीनं कापून टाकलं होतं. नानांच्या खांद्यावर साहेबांची दोन बोटं तेवढी राहिली होती, तिथे कात्री नीट चालली नव्हती.

“आबा, मी... त्या जागावर तू पायजे व्हता रे,” नाना कसंबसं म्हणाले. “तुनी जागा...”

“मी रडनू नही, लोटन,” आबा म्हणाले. “तठे बैलेसले पानी पाजत व्हतू. माले रडू उनंच नही. आजूनबी येत नही. पोऱ्यानी मायबी इचारस, तुमी कसा बाप शेतस म्हने.” त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं. “गोकुळना कोनी बाप रडना का नही? तू रडना. मना वाटानं, मना हिस्सानं तू रडना. मी रोज सकाय हाई दखस. तू आठे येवाना सोडी कागदमा येस, त्याना राग शे माले. कितला दिन वाट दखी तुनी! बठ.”

नाना खाली बसले. आधी त्यांनी आबांचे गुडघे धरले. मग आबांच्या गळ्यातून असा काही आवाज आला की गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या. आतून गोकुळची आई धावत दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. मी जोडे घालून अंगणात आलो.

तेवढ्यात डेस्कचा फोन. “वडिलांचा फोटो मिळाला का? पान छपाईला जायचंय.”

“नाही मिळणार. वडील रडतायत.”

“कोणते वडील? खरे ना?”

“दोघंही,” मी म्हणालो आणि फोन कापला.