शेठचं नायट्रेट

सकाळी सव्वासहाला आमची बेल वाजली की दारात निंभोरकर काका असतात आणि त्यांच्या हातात पिवळसर पाणी भरलेली परीक्षानळी असते. पहिल्यांदा त्यांनी ती माझ्या नाकासमोर धरली, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले.

"काका, हे लॅबमध्ये नेऊन द्यायचं असतं. उपाशीपोटी."

काका दुखावले. "मॅडम, हे माह्यं नाई. शेठचं हाये."

शेठ म्हणजे त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत राहणारा गोल्डफिश. तळहाताएवढा, पोट सुटलेला, दिवसभर एकाच कोपऱ्यात तोंडाची उघडझाप करत उभा. मासा खातो, घाण करतो आणि त्या घाणीचं शेवटी पाण्यात नायट्रेट होतं. ते वाढत गेलं की मासा खंगतो. त्यासाठी काकांनी एक किट मागवलं आहे. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब घालायचे, खळाखळा हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळा रंग आला तर नायट्रेटचा आकडा दहाच्या आत, म्हणजे झकास. नारिंगी आला तर चाळीस, म्हणजे पाणी बदला. लाल आला तर शेठचं काही खरं नाही.

मी इथे अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि काकांच्या शेजारी राहते. एवढाच माझा गुन्हा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही.

"मले तं लाल दिसून राहिला, मॅडम."

"पिवळा आहे, काका."

"पक्का? उजेडात या ना जरा. रिस्क कायले घ्याची?"

मग मी केसांना तेल लावलेल्या अवस्थेत गल्लीत उभी राहून नळी उगवतीकडे धरते. दूधवाला रोज मान वळवून बघतो. त्याचा काय समज झाला आहे, हे विचारायची माझी हिंमत नाही.

रिस्क घ्यायची नाही म्हणून काकांनी काय नाही केलं! नळाचं पाणी येतं एक दिवसाआड, आणि त्यातलं क्लोरीनचं औषध उडून जावं म्हणून ते दिवसभर उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे त्यांच्या व्हरांड्यात अकरा बादल्या मांडलेल्या असतात. आलेल्या माणसाने त्यांच्यामधून पाय उचलत, तोल सावरत आत जायचं. माझ्या सासूबाई एकदा हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेल्या आणि गुडघाभर भिजून परत आल्या.

एकदा दोन पाळ्या नळच आला नाही. काका घाबरले आणि त्यांनी गल्लीतल्या बोअरचं पाणी टाकीत घातलं. दुसऱ्या दिवशी रंग उतरण्याऐवजी चढला. पुन्हा पाणी बदललं, आणखी चढला. तेव्हा कुठे त्यांना बोअरचंच पाणी तपासायचं सुचलं. नळी नारिंगी झाली आणि काका मटकन पायरीवर बसले.

आता, काका म्हणजे तिवसा तालुक्यात उभी नोकरी केलेले कृषी सहायक. "सारी हयात लोकायले नत्र टाका, नत्र टाका म्हनत फिरलो, मॅडम," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "वावरातलं नत्र जमिनीत मुरलं, जमिनीतून बोअरमंदी आलं, अन् आता माह्याच घरात शिरलं!" जणू तिवशाचा युरिया त्यांचा पत्ता विचारत विचारत इथवर आला होता. त्या दिवशी त्यांनी दारोदार जाऊन बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. आठवडाभर गल्लीत चहासुद्धा धास्तीने प्यायला जात होता.

मग त्यांच्यातला कृषी सहायक जागा झाला. नत्र पिकाला लागतं ना, मग टाकीतच पीक घेऊ! त्यांनी छोट्या जाळीत पालकाची रोपं लावून पाण्यात सोडली. संध्याकाळपर्यंत शेठने सगळा पालक फस्त केला. दुसऱ्या दिवशी नळी जास्तच नारिंगी.

अकोल्याला त्यांच्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. किल्ली, किट आणि दोन पानी सूचना माझ्याकडे देऊन काका सकाळच्या गाडीने गेले. बडनेऱ्याहून पहिला फोन आला. मूर्तिजापूरहून दुसरा. तिसऱ्या फोनला मागे बँड वाजत होता आणि काका ओरडत होते, "मॅडम, फोटो पाठवा! पांढऱ्या कागदावर नळी धरून!" मी फोटो पाठवला. काकांना तो लालसर वाटला. अक्षता पडल्या आणि मामा मांडवातून गायब! चार वाजता ते इथे हजर. जेवलेलेही नव्हते. मी त्यांना पोळी-भाजी वाढली आणि मनातलं सगळं बोलून घेतलं.

"काका, एका माशापायी सख्ख्या बहिणीचा रोष घेता?"

त्यांनी घास खाली ठेवला. "मासा माह्या नाई, मॅडम. अमोलचा हाये. ह्याले काही झालं तं मी त्याले काय सांगू?"

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात असताना त्यानेच शेठला आणलं, नावही त्यानेच ठेवलं. आता तो कॅनडात आहे. काकू होत्या तेव्हा त्याचा फोन काकूंना यायचा. तासभर माय-लेक बोलायचे आणि काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. शेवटी काकू हाक मारायच्या, काका येऊन "बरा हायेस ना?" म्हणायचे आणि परत जायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. बाप-लेकांना बोलायला उरला तो मासा. आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र. तो जेवून मोकळा झालेला असतो, तेव्हा काका त्याला मोबाइलवर नायट्रेटचा आकडा कळवतात. ही सव्वासहाची घाई त्यासाठी होती.

हे ऐकल्यावर मला माझ्या कुरकुरीची लाज वाटली. मी आमच्या मनीप्लांटच्या चार लांब फांद्या कापल्या आणि त्यांच्या टाकीच्या काठाला बांधल्या. मुळं पाण्यात, पानं बाहेर, शेठच्या तोंडाला लागणार नाहीत अशी. मुळं नायट्रेट ओढून घेतात. महिन्याभरात ती फोफावली आणि नळी पिवळीधमक येऊ लागली. आज दहा, उद्या दहा, परवा दहा. आता माझी सकाळची झोप वाचेल, या आनंदात मी होते.

पण काका येतच राहिले. फक्त आता रंग सांगितला की नळीकडे बघत दारातच उभे राहायचे.

परवा मी दहा म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच मोबाइल काढला आणि एका बोटाने आकडा टाकला. मी डोकावून पाहिलं. चाळीस.

"काका, मी दहा म्हणाले."

काकांनी वर पाहिलं नाही. "दहा कळवलं का तो निस्ता अंगठा धाडते, मॅडम," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. अंगठाच येऊन राहिला."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने स्पीकर लावला.

"बाबा! चाळीस कसं काय? पाणी कधी बदललं तुमी?"

"मंगळवारी बदललं," काका म्हणाले. ज्या माणसाने गल्लीला पाण्यावर व्याख्यानं दिली, तो विचारत होता, "आता कितीक बदलू रे? अर्धं का पाव? तू सांग बाप्पा, मले समजत नाई."

"थांबा, सांगतो. पण रंग बरोबर पाह्यला का? तुमचे डोळे... मॅडमले दाखवलं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नळी लाल दिसायची तेव्हासुद्धा इतके घाबरलेले डोळे मी पाहिले नव्हते.

क्लासमध्ये अर्ध्या मार्कासाठी मी पोरांशी भांडते. चुकीचं रीडिंग लिहिलं तर वही फेकते. मी ती पिवळीधमक नळी हातात घेतली आणि फोनजवळ वाकले.

"मी पाहिलं रे, अमोल," मी म्हणाले. "चाळीसच आहे. जरा वरच असेल."