आर्नफिन टायर निवडतो

यंदाच्या हिवाळ्याचे टायर आपण स्वतः निवडायचे, असं आर्नफिनने सप्टेंबरातल्या एका निवांत संध्याकाळी ठरवलं. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. (असली कामं त्याला कोणी सांगतच नाही. सांगणाऱ्यांना अनुभव आहे.)

गाडी सतरा वर्षांची, उंच, चौकोनी एसयूव्ही. तिचे हिवाळी टायर, म्हणजे बर्फ पडायच्या आधी उन्हाळ्याचे काढून लावायचे ते, घासून गुळगुळीत झाले होते. गेल्या जानेवारीत गावच्या, रिंगेबूच्या, स्टेशनासमोर आर्नफिनने ब्रेक दाबला आणि गाडी तशीच शांतपणे घसरत बसथांब्यात शिरली, ती थेट बाकावर बसलेल्या तिघांच्या पायांपाशी थांबली. लागलं कोणालाच नाही. तिघंही रिंगेबूचेच असल्यामुळे ओरडलंही कोणी नाही; एकाने फक्त पाय वर घेतले. पण त्या दिवसापासून गाडीची किल्ली आर्नफिनच्या बायकोच्या, तुरिदच्या पर्समध्ये राहायला गेली. बर्फ पडलं की तुरिद चालवायची आणि आर्नफिन शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचा.

छप्पन्न वर्षांच्या, नगरपालिकेत बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला हे फार लागतं. आर्नफिनलाही लागलं होतं. म्हणूनच त्याने जेवताना विषय काढला.

"टायर चांगले असते तर तसं झालंच नसतं," तो म्हणाला.

"बरं," तुरिद म्हणाली. "नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आईला फोलडालला न्यायचंय. मावशीची नव्वदी आहे. डोंगरावरून जायचं. तोवर टायर निवड, बसवून आण आणि तूच चालव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर हिवाळ्यात गाडी चालवायचा विषय पुन्हा काढायचा नाही."

"या हिवाळ्यात?"

"कुठल्याच."

आर्नफिनने बटाटा तोंडात घातला आणि मान डोलावली. सहा आठवडे हातात होते. चार टायर निवडायला सहा आठवडे म्हणजे एका टायरला दीड आठवडा, असा त्याने हिशेबही केला.

पहिला प्रश्न खिळ्यांचा. टायर बर्फात रुतणाऱ्या लोखंडी खिळ्यांचे घ्यायचे की बिनखिळ्यांचे? त्याने ऑफिसात विचारलं, तिथेच गोंधळाला सुरुवात झाली. खालच्या मजल्याचं म्हणणं पडलं, की खिळ्यांशिवाय डोंगर चढणारा माणूस घरी परत येत नाही. वरचा मजला म्हणाला, खिळ्यांमुळे रस्ता उखडतो, धूळ उडते आणि लहान मुलं खोकतात. आर्नफिन जिन्यात बसून डबा खायला लागला.

मग त्याने वाचनालयातून गाड्यांची मासिकं आणली. त्यांत टायरांच्या चाचण्यांचे तक्ते होते. बर्फावर पहिला आलेला टायर पावसात शेवटचा होता. पावसात पहिला आलेला इतका आवाज करायचा, की त्यापुढे बायकोचं बोलणं ऐकू येणार नाही (इथे आर्नफिन जरा वेळ थांबला होता). दोन्हीकडे बरा असलेला त्याच्या खिशाला परवडणारा नव्हता. आणि परवडणाऱ्यांची नावं खोकल्याच्या औषधांसारखी. त्यांतला एक पंधरांत पंधरावा आला होता आणि त्याच्यापुढे परीक्षकांनी नुसतंच उद्गारचिन्ह टाकलं होतं.

शेवटी आर्नफिनने स्वतःचा तक्ता केला. एकतीस ओळी, सहा रंग. त्याच्याकडे तीन रात्री टक लावून पाहिल्यावर निष्कर्ष असा निघाला, की आगगाडीने जावं. फोलडालला आगगाडी जात नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र राहून गेली. सहा आठवड्यांत आर्नफिनने एकाही टायरला हात लावला नव्हता.

ठरलेल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी त्याला एक जाहिरात दिसली. 'बिनखिळ्यांचे हिवाळी टायर, चार, एकच हिवाळा वापरलेले, स्वस्तात.' माप त्याच्या गाडीचंच. तो धो-धो पावसात शेतकऱ्याच्या घरी पोचला तेव्हा शेतकऱ्याने टायर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून अंगणात मांडून ठेवले होते.

"उघडून बघायचेत?" शेतकऱ्याने विचारलं.

"छे, छे," आर्नफिन म्हणाला. भल्या माणसाचा माल त्याच्यासमोर उघडून बघायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं, असं त्याला वाटलं. (खरं कारण असं, की उघडून नक्की काय बघायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.)

घरी तुरिदने विचारलं, "त्या पिशव्यांत काय आहे?"

"कळेल शनिवारी," आर्नफिन म्हणाला आणि खुशीत शीळ घालत आत गेला. त्याला तिला चकित करायचं होतं. शनिवारी दुपारी तीनची वेळ त्याने गावातल्या टायरवाल्याकडे, स्टाइनारकडे, घेऊनही ठेवली होती.

पण शनिवारी सकाळी गल्लीचं श्रमदान होतं. शरद सरता सरता दरवर्षी असतं. वीस घरांतली माणसं दंताळी घेऊन बाहेर पडतात, पानं गोळा करतात, कचरा वेगवेगळा करतात आणि मग उभ्याउभ्या वॉफल खातात. या सगळ्याची कारभारीण मागनहिल्ड. शाळेतून निवृत्त होऊन तिला नऊ वर्षं झाली, पण ते अजून तिच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

"आर्नफिन, तू जुने टायर," ती यादी बघत म्हणाली. "घरोघरचे गोळा कर आणि स्टाइनारकडे पोचव. तुला त्यातलं कळतं ना? दीड महिना तू दुसरं काही बोलतच नाहीयेस."

हे ऐकून आर्नफिनची छाती दोन इंच फुगली. त्याने गाडीला ट्रेलर जोडला आणि स्वतःचे चार गुळगुळीत हिवाळी टायर सगळ्यांच्या देखत आधी चढवले. पांढऱ्या पिशव्या तीनच्या वेळेसाठी गॅरेजच्या दाराशी काढून ठेवल्या. मग घरोघरचे टायर येऊ लागले. येईल त्याला आर्नफिन एका हातात वॉफल धरून रबराचं वय, खाचांची खोली आणि खिळ्यांचे फायदे-तोटे समजावू लागला. त्याचं बोलणं चालू राहिलं आणि ट्रेलर बाकीच्यांनी भरला.

स्टाइनारच्या दुकानामागे दोघांनी टायर उतरवले. शेवटच्या चारांपाशी स्टाइनार थबकला. त्याने खाचेत मोजपट्टी घातली.

"हे का टाकताय? चांगले आहेत की. तीन-चार हिवाळे सहज जातील."

आर्नफिन हसला. सहा आठवड्यांच्या अभ्यासाचं आता कुठे चीज होणार होतं. "स्टाइनार, खाचांवर जाऊ नका. रबर बघा, रबर." त्याने टायरवर थाप मारली. "आवाज ऐकलात? मेलेलं रबर."

"मला तर नेहमीसारखाच वाटला."

"आणि कंपनीचं नाव वाचा. पंधरांत पंधरावा आलाय हा. परीक्षकांना शब्द सुचले नाहीत."

"तुमच्या गाडीला बसतील खरं म्हणजे," स्टाइनार म्हणाला. "माप तेच आहे."

"माझ्या गाडीला?" आर्नफिनला ते फारच लागलं. "मी हे ढकलगाडीलासुद्धा लावणार नाही. असले टायर विकत घेणारा माणूस कसा असेल, याची मला कल्पनाच करवत नाही."

"पक्कं ना मग?"

"पक्कं."

आर्नफिन घरी आला तो तरंगतच. गॅरेजच्या दाराशी चार पांढऱ्या पिशव्या होत्या. छान घड्या घातलेल्या, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेला. आर्नफिनने दगड उचलला. पिशव्या पाहिल्या. दगड परत ठेवला. पुन्हा उचलला. काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

तुरिद दंताळं घेऊन आली. "तुझे आणखी जुने टायर ना ते? मीच चढवले. पिशव्यांसकट टाकणार होतास? प्लॅस्टिक वेगळं ठेवायचं असतं, किती वर्षं सांगतेय."

"तुरिद," आर्नफिन बारीक आवाजात म्हणाला, "ते जुने नव्हते. म्हणजे होते, पण ते नवे होते."

"काय?"

"ते आपले होते. उद्याचे."

तुरिद दंताळ्यावर रेलून त्याच्याकडे बघत राहिली. "आणि उतरवताना तुला ओळखू आले नाहीत?"

"मी त्यांना पाहिलंच नव्हतं ना."

तिला हसू येत होतं की रडू, ते आर्नफिनला समजेना. तिला स्वतःला तरी समजत होतं की नाही, देव जाणे.

तो तडक स्टाइनारकडे गेला. वाटेत त्याने एक वाक्य घोकलं होतं. "मघाचे ते चार टायर," तो म्हणाला, "मी त्यांचा पुन्हा विचार केला."

"मीही केला," स्टाइनार म्हणाला. "म्हटलं, तुमच्यासारखा अभ्यासू माणूस इतकं सांगतोय, आणि चुकून कोणी बिचारा उचलून नेऊन आपल्या गाडीला लावायचा. म्हणून चारीही कापून टाकले."

आर्नफिनने घाईघाईने विचारलं, "माझ्या मापाचे दुसरे आहेत?"

"बुधवारी येतील. डोंगरावर बर्फाचा अंदाज आलाय, सकाळपासून नुसती झुंबड आहे. तुमची तीनची वेळ होती ना? तुमचे टायर कुठे आहेत?"

आर्नफिनला तेव्हा खरोखरच जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण तो प्रामाणिक माणूस. त्याने सांगून टाकलं. स्टाइनारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि मोजपट्टी पुसायला मागच्या खोलीत गेला. तिथे तो बराच वेळ होता.

संध्याकाळी तुरिदने आईला फोन केला. आई म्हणजे गुडनी, वय चौऱ्याऐंशी, गाडी तिच्या मानाने तरुण, म्हणजे पस्तीस वर्षांची. तिने सप्टेंबरातच स्टाइनारकडे जाऊन "जे उरले असतील ते लाव" असं सांगितलं होतं आणि पाच मिनिटांत खिळ्यांचे टायर लावून ती घरी आली होती. तिची गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात देण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सकाळी डोंगरावर बर्फ भुरभुरत होतं. गुडनी चालवत होती, तुरिद तिच्या शेजारी. मागच्या सीटवर मधोमध, मांडीवर नव्वदीचा केक घेऊन आर्नफिन बसला होता. नसलेला ब्रेक दाबायलाही तिथे जागा नव्हती. पुढे दोन गाड्यांची चाकं चढावर जागच्या जागी फिरत होती. गुडनीने त्यांना वळसा घातला आणि गाडी सरसर वर काढली.

आर्नफिनला राहवेना. "आई, तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी. तरी घसरत कशी नाही?"

"मागे वजन लागतं," गुडनी आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली. "दर हिवाळ्यात बटाट्यांची दोन पोती ठेवते. काल तुरिदचा फोन आला, की तू मागेच बसणार म्हणून. मग उतरवून ठेवली."