पाच हात दिलेला हौद

"सर, तुमचे मासे आमच्याकडे राहायला येतील का?"

अख्ख्या नववीच्या वर्गाने श्वास रोखला. हा प्रश्न विचारायची पैज मागच्या बाकावरच्या तिघी मैत्रिणींनी लावली होती. "तुझी काय बिशाद!" एवढं म्हटलं की टकळी कुणालाही काहीही विचारत असे. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग वक्तृत्वात दुसरी आली आणि जिभेचं कुलूपच निखळून पडलं! घरच्यांनी तिला टकळी म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

विज्ञानाच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला. प्रयोगशाळा दुरुस्तीसाठी बंद होणार होती आणि तिथल्या सात सोनेरी माशांच्या काळजीने सर स्वतःच माशासारखे निःशब्द झाले होते.

"हौद आहे तुमच्याकडे?"

"आहे ना सर! बागेत, सिमेंटचा!" इथपर्यंत खरं होतं. "आत दिवेसुद्धा आहेत!" इथून पुढे नुसतीच टकळी होती.

सरांचे डोळे चक्क पाणावले. "दुकानदाराला परत द्यावे लागणार होते गं. त्याच्याकडे आठवडाभरही जगले नसते. पंधरा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो."

झालं! आता माघार घेतली तर सात जीव जाणार, आणि आठवा टकळीचा!

तिच्या बागेतला हौद गुडघाभर उंच होता आणि फुटक्या कुंड्यांनी भरलेला होता. त्याला इतके तडे होते, की त्यात पाणी ओतलं असतं तर ते हौदात थांबायच्या आधी शेजाऱ्यांकडे पोचलं असतं.

"बाबा, पंधरा दिवसांत हौद गळायचा थांबला नाही ना, तर मी शाळा सोडणार!"

"मागच्या महिन्यात तू जेवण सोडणार होतीस," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तडे बुजवायला सिमेंट घेऊन आले तेच.

मामा नाटकांची प्रकाशयोजना करायचा. भाचीच्या हौदात दिवे लावायचे म्हटल्यावर तो उड्या मारतच आला. हौदाच्या तळातून एक पाइप काढून त्याने तो थेट हॉलमध्ये सोफ्यामागे आणला आणि त्यातून दिव्यांची वायर ओवली. हॉल बागेपेक्षा तीन पायऱ्या खाली होता आणि आई-बाबांचं अंथरूण रात्री तिथेच पडायचं. "पाइपचं तोंड तेवढं बुजवायचं बाकी आहे हं," असं हवेतच सांगून तो चहाला वळला.

रविवारी गळती थांबवणारा लेप आला. डब्यावर ठळक लिहिलं होतं: पहिला हात उभा, सहा तासांनी दुसरा आडवा. तिसरा अजिबात नको!

आता या घराला एक जुनी खोड होती. दुसऱ्याला त्रास नको म्हणून इथे प्रत्येक जण गुपचूप काम उरकून टाकायचा. चहात साखर तिघंही घालायचे. झाडांना पाणी तिघंही घालायचे, म्हणून तर त्या कुंड्या रिकाम्या झाल्या होत्या!

टकळीने सकाळी उभा हात दिला आणि ती आंघोळीला गेली. पोर दमली असेल म्हणून बाबांनी आडवा देऊन टाकला. आई हॉस्पिटलमधून ड्यूटी करून आली. "या दोघांना कसलं आठवतंय!" म्हणत तिने आडवा दिला. ताईला नको त्रास म्हणून मामाने आडवा दिला. आणि बरोबर सहा तासांनी, घड्याळ लावून, टकळीने आडवा दिला.

हौदाला दुधासारखी साय आली! चार दिवस तो नुसता चिकट होता. त्यात एक मांजर बसलं, ते केस ठेवून गेलं.

"यापुढे कुणीही मला न सांगता मदत करायची नाही!" टकळी कडाडली.

"नाही गं, कुणी केली?" तिघंही एका सुरात म्हणाले.

मग तिने तळाशी वाकून पाइपचं तोंड पाहिलं. छान राखाडी, गुळगुळीत, बंद. "चला, कुणीतरी बुजवलंय!" ती खूश झाली. बुजवलं कुणीच नव्हतं. लेपाची साय तेवढी त्यावर पसरली होती.

शनिवारी हौद काठोकाठ भरला. संध्याकाळी मामाने दिवे लावले आणि पाणी आतून असं उजळलं, की बघायला आलेल्या तिघी मैत्रिणी धावतच काठाशी गेल्या. टकळीने तो क्षण डोळे मिटून उपभोगला. सर बादली घेऊन आले, हौद पाहून "वा, वा!" म्हणाले आणि बादली पायाशी ठेवून हॉलमध्ये सोफ्यावर बसले. "मासे जरा स्थिरावू देत, मग सोडू."

टकळीने डोळे उघडले. पाणी चार बोटं खाली गेलं होतं!

"ए, पाणी कमी झालं का गं?" एक मैत्रीण म्हणाली.

"छे! दिव्यांनी फुगून दिसत होतं मघाशी."

तिने हळूच नळी हौदात सोडली. पाणी उतरतंय हे बाबांनीही पाहिलं. पोरीची लाज राहावी म्हणून त्यांनी मागून दुसरी नळी सोडली. आई गुपचूप घागरी ओतू लागली. तिघंही एकमेकांकडे बघून गोड हसत होते, आणि हौद रिकामाच होत होता!

एवढ्यात हॉलमधून सरांचा अतिशय सभ्य आवाज आला. "अहो, माझी एक चप्पल बागेकडे निघालीय."

मामाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. बागेतला झगमगाट विझला. मोबाइलच्या उजेडात सगळ्यांनी हॉलमध्ये पाहिलं. सोफ्यामागच्या पाइपातून पाणी धो धो येत होतं. सर पाय वर घेऊन बसले होते. बादली डुगडुगत होती.

"मी उचलतो!" असं कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. पण आई, बाबा आणि मामा, तिघंही न बोलता तीन बाजूंनी बादलीला भिडले!

बादली कलंडली.

टकळी मटकन पायरीवर बसली. संपलं! मासे गेले, सर गेले, सोमवारी वर्गात तोंड दाखवायची सोय गेली. "सर... मी मारले हो तुमचे मासे," ती हुंदक्यात म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती वर्षभरात बोलली नव्हती.

"कुठे मारलेस?" सर सोफ्यावरून वाकून बघत होते. "हा बघ, टीपॉयखालून निघाला. पाच... सहा... सात! शाळेच्या टाकीत इतकी जागा कधी मिळाली नव्हती बिचाऱ्यांना."

खरंच! सातही जण गालिच्यावरून ऐटीत फिरत होते. घोट्याच्या वर पाणी, आणि एक थेंब कुठे गळत नव्हता. अख्ख्या घरात पाणी धरून ठेवणारी जागा हीच निघाली होती!

मामाने बागेतले नळ बंद केले आणि हौदातलं उरलंसुरलं पाणी उतरल्यावर पाइपात बोळा कोंबला. बाबांनी पॅंट दुमडली आणि ते गाळणी घेऊन माशांमागे निघाले. दुसऱ्या बाजूने आई निघाली. दोघांची डोकी आपटली, मासे सोफ्याखाली पसार झाले.

टकळीने नाक पुसलं, ती पायरीवर उभी राहिली आणि वक्तृत्वाच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबा, थांबा! माझं ठरलंय. दुसरी सोय होईपर्यंत मासे हॉलमध्येच राहतील. तुम्हा दोघांचं अंथरूण मी हौदात घालते. आता तो अगदी कोरडा आहे."