फियाटला लागली हळद

आमच्या घरात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही. नातीचं लग्न ठरलं तेव्हाच मी जाहीर केलं, "जुईली हॉलवर जाईल ती आजोबांच्या फियाटमधनंच!"

फियाट म्हणजे आमच्या मालकांची डुक्कर फियाट. मालक गेले, गाडी राहिली. आमच्या नांदे गावात बिल्डर आले, हिंजवडीची कंप्युटरवाली पोरं भाड्यानं राहायला आली, त्या सगळ्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. आमच्या विलासला मात्र पोटच्या पोराला तिची किंमत नाही!

"आई, कासारसाईच्या हॉलवर ती पोचली तर मी मिशी काढीन. आन् मधीच बसली, तर सोमवारी भंगारवाला!"

"बोलाव की! तुझ्यापेक्षा बरी चालती ती. तुला तर दोन भाकरी खाल्ल्या की उठवत न्हाई."

गाडीला दुखणं एकच, तापायची. माझ्यासारखीच! फरक इतकाच, मी तापले की घर गार पडतं. ती तापली की स्वतःच बंद पडते.

म्हणून रेडिएटरात कूलंट घालायचं ठरलं. विलासनं हिरवं आणलं. होणारे नातजावई सौरभराव, हिंजवडीत इंजिनियर, ते लाल घेऊन आले.

"आजी, मी इंटरनेटवर वाचलंय. लालच घाला."

विलास फुरफुरला, "इंटरनेटनं कदी धक्का मारलाय का गाडीला?"

झालं! लग्न राहिलं बाजूला, सासरा-जावई दोन बाटल्या घेऊन कोंबड्यांसारखे आमनेसामने!

लग्नाच्या सकाळी मी निकाल लावला. सासऱ्याचं मन मोडायचं नाही, जावयाचा मान मोडायचा नाही. अर्धी बाटली हिरवी ओतली, अर्धी लाल. पंगतीला दोन भाज्या चालतात, मग गाडीलाच काय धाड भरलीय?

पण खालून थेंब थेंब गळायला लागलं. त्यावर मालकांचा उपाय मला पाठ होता: चिमूटभर हळद टाकायची, भोक बुजतं. स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर पितळी वाटी, वर आंब्याचं पान, आत छान कालवलेली हळद! चिमूट कशाला, म्हटलं, लग्नघर आहे. सगळीच ओतली.

मी बॉनेटखाली असताना मागच्या दारानं नवरदेवासकट पाहुणे आले होते, हे मला काय ठाऊक!

इतक्यात विहीणबाई आशालताताईंचा आवाज आला, "चला, नवरीला बसवा पाटावर. सौरभला लावून उरलेली उष्टी हळद आणलीय, ती लागल्याशिवाय पुढचं काही नाही."

सूनबाई कल्पना ओरडली, "अगं बाई! ओट्यावरची वाटी कुटं गेली?"

विषय बदलायला मीही ओरडले, "विलास, गाडी चालू कर रे! बघू दे पाहुण्यांना!"

गाडी चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरून मान ताठ केली. आणि गाडी गुरगुरली, शिंकली, आणि फाडकन रेडिएटरचं झाकण मांडवाला जाऊन लागलं! मागोमाग पिवळा-तपकिरी चिकट रगडा, करपलेल्या शिऱ्यासारखा, भसाभस बाहेर! विलासचा नवा झब्बा पिवळा! तुळशीवृंदावन पिवळं! दारातला कुत्रा पिवळा होऊन शेजारच्या चांदे गावाच्या दिशेनं जो पळाला, तो तिसऱ्या दिवशी परत आला!

वाफ विरली. गाडीच्या मडगार्डवर रिकामी पितळी वाटी, तिला चिकटलेलं आंब्याचं पान. विहीणबाई वाटीकडे बघतायत, सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघतंय.

विलास झब्बा झटकत म्हणाला, "आई, सोमवारी भंगारवाला!"

"खबरदार!" विहीणबाई गरजल्या. "माझ्या लेकाची उष्टी हळद लागलीय तिला! आता ती आमची. भंगारात जाते कशी बघते मी!"

सौरभरावांचा चेहरा तर असा खुलला, की जुईलीनं त्यांना कोपरखळी मारली.

वाटीच्या काठाला उरलेली बोटभर हळद जुईलीला लागली. नवरी विहीणबाईंच्या एसी गाडीतनं हॉलवर गेली, आणि मुंडावळ्या बांधलेली फियाट मागून टेम्पोतनं.

दिवाळसणाला जुईली आली, सौरभराव आले. फियाटमधनंच आले, तीही न तापता! विलास मला टोचून म्हणाला, "आई, इचार की, कुटलं कूलंट घालत्यात?"

मी नाही विचारलं. हिरवं निघालं, तर विलास जिंकणार, आणि मला ह्याच घरात राहायचंय!