शैलाचे गुडघे

चाफा कॉलनीतल्या बायका एकमेकींची दुखणी सांभाळायला घेतात. घरात कार्य निघालं, लेकीचं बाळंतपण आलं, की आपलं दुखणं मैत्रिणीकडे ठेवायचं आणि पदर खोचून कामाला लागायचं. गावाला जाताना तुळशीला पाणी घालायला सांगून जातात ना, तसंच.

रीत सोपी आहे. देणारीने मूठभर तांदूळ दुखऱ्या जागेवरून उतरवून घेणारीच्या पदरात घालायचे. घेणारीने "माझं म्हणून सांभाळीन" म्हणायचं. परत करताना हेच उलट. नेम एकच, पण कडक. ज्याच्याकडे दुखणं आहे, त्याने ते आपण होऊन द्यायचं. ओढून घेता येत नाही. रोहिणीबाई मोघे तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून याची वही ठेवतात. बुधवारी दुपारी चार वाजता त्यांच्या घरी बैठक भरते. आधी दुखणी, मग लेकरंबाळं, शेवटी मुकी जनावरं, असा बातम्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो कोणी मोडलेला रोहिणीबाईंना खपत नाही.

शैला तांबोळकरने आपले दोन्ही गुडघे प्रमिला दातीरकडे ठेवले, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. शैलाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, घर नागपूरला तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. प्रमिला पडली व्रतवैकल्यांची बाई. संकष्टी, प्रदोष, चातुर्मासात एकभुक्त. धरलेला नेम तिने ताप अंगावर असतानाही मोडला नव्हता. त्याच आठवड्यात ती सोळा सोमवार धरणार होती, म्हणून तिने गुडघेही संकल्पातच घातले; सोळावा सोमवार होईपर्यंत ते तिच्याकडेच राहायचे होते. टेकडीवरच्या महादेवाच्या बेचाळीस पायऱ्या ती दर सोमवारी ते दुखणं घेऊन चढायची आणि प्रत्येक पायरीला शैलाच्या लेकीसाठी हात जोडायची. लेक सुखरूप सुटली, नात झाली. बारशाचे फोटो आले तेव्हा प्रमिलाला वाटलं, यात आपल्याही गुडघ्यांचा थोडा वाटा आहे. जरा जास्तच वाटलं, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं.

नववा सोमवार पार पडला आणि पुढच्या रविवारी तिच्या स्वतःच्या लेकीचं, स्नेहलचं डोहाळजेवण आलं. विहीणबाई पंचवीस माणसं घेऊन आल्या होत्या. झोपाळा सजला, पानं मांडली, आणि नेमके तेव्हाच गुडघ्यांनी असं धरलं की वाकून मीठ वाढता येईना. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही बसा हो, आमच्या बायका वाढतील. आपल्या घरची पंगत परक्या हातांनी वाढायची, हे प्रमिलाला सोसलं नाही. ती तांदळाची मूठ घेऊन मागच्या दाराशी गेली.

तिथे गुंड्या बसला होता. गुंड्या म्हणजे शैलाचा तेरा वर्षांचा तांबडा कुत्रा. शैला नागपूरला गेल्यापासून तो भाकरीच्या वेळेला प्रमिलाकडे यायचा, कारण तांबोळकर भावोजींना चहापलीकडे काही करता येत नाही. प्रमिलाने इकडेतिकडे पाहिलं, तांदूळ गुडघ्यांवरून उतरवले आणि त्याच्यापुढे टाकले. दोनच तास, असं ती त्याला म्हणाली. गुंड्याने पुढचा पाय उचलून तिच्या हातात दिला. तो बिस्किटासाठीही असाच पाय देतो, पण रीतीला तेवढं पुरलं.

प्रमिलाने पंगत अशी वाढली की विहीणबाई बघत राहिल्या. जिलबीचा आग्रह तिने दोनदा केला, वाकून वाकून. संध्याकाळी मंडळी गेल्यावर तिने मागच्या दारी पदर पसरला. गुंड्याने पदराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मागचे दोन्ही पाय ओढत तो घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशीचा सोमवार ती पायऱ्या सरसर चढली. वर पोचल्यावर देवासमोर उभं राहवेना. एरवी पिंडीवरचं फूल कुठल्या बाजूला पडतं याकडे तिचं लक्ष असायचं. त्या दिवशी ती मान खाली घालून परत फिरली.

तिने उपाय केले. दहीभात नेला, तुपाची पोळी नेली, रोज पदर पसरला. गुंड्या खायचा, शेपूट हलवायचा आणि दुखणं घेऊन जायचा. तिने मीठ सोडलं. चुरम्याच्या प्रसादातला आपला वाटा त्याला घातला. माणसाला खरं सांगणं एवढं मात्र तिने केलं नाही.

तेराव्या सोमवारी शैला परतली. पेढे घेऊन ती आधी प्रमिलाकडेच आली आणि दारातून विचारती झाली, "काय म्हणतात माझे गुडघे?"

प्रमिला म्हणाली, आहेत, नीट आहेत. आणि त्या क्षणापासून ती लंगडायला लागली. खोटं लंगडणं फार अवघड. कधी डावा पाय ओढायची, कधी उजवा. एकदा कुकरची शिट्टी झाली तशी धावतच आत गेली आणि तिथून लंगडत बाहेर आली. शैलाचं लक्ष नव्हतं. ती हसून सगळ्यांना सांगायची की आमचा गुंड्या प्रमिलाच्या हातची भाकरी खाऊन खाऊन तिच्यासारखाच चालायला लागलाय. बायका हसायच्या. प्रमिलाही हसायची, आणि घरी येऊन देवघरात बसायची. एका बुधवारी तर शैलाने बैठकीतच तिचे पाय मांडीवर घेतले आणि तिळाचं तेल लावून अर्धा तास चोळून दिले.

पंधरावा सोमवार झाला. त्या बुधवारी रोहिणीबाईंनी वही उघडून वाचलं, "शैला तांबोळकर, गुडघे दोन, मुक्काम प्रमिला दातीर, मुदत आणखी एक सोमवार. हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. मग लेकरंबाळं झाली. नातीला कुशीवर वळता येऊ लागलं होतं. शेवटी मुकी जनावरं आली, तेव्हा शैलाने गुंड्याचं सांगितलं. गुंड्याला उठता येत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना एक्स-रेत काही दिसलं नव्हतं, म्हणून शुक्रवारी पुण्याला नेऊन खुबा उघडून बघायचा होता. वय झालंय, भूल सोसेलच असं नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

प्रमिलाने हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली.

"शैले, त्याला कापू नका. त्याला काही झालेलं नाही. ते तुझे गुडघे आहेत."

रोहिणीबाईंनी पेनचं टोपण काढलं. "केव्हापासून?"

"स्नेहलच्या डोहाळजेवणापासून."

"म्हणजे त्यानंतरचे सहा सोमवार कोणाचे धरायचे?"

प्रमिलाला मान वर करता येईना. "गुंड्याचे," ती म्हणाली.

रोहिणीबाईंनी तशी दुरुस्ती केली. शैला प्रमिलाच्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तुझे पाय चोळून दिले गं, प्रमे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तशाच तिघी उठून शैलाच्या घरी गेल्या. गुंड्या ओसरीवर पोत्यावर पडला होता. शैलाने त्याच्यापुढे पदर पसरला आणि म्हणाली, दे बाळा, माझंच आहे ते. गुंड्याने पदर हुंगला, आपले पाय हुंगले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्याने वासावरून ओळखलंय कोणाचं ते," रोहिणीबाई म्हणाल्या. "तुला परत दुखू देणार नाही तो. दुसऱ्या कोणी मागून बघा."

दुसरं कोणी म्हणजे एकच होतं. प्रमिला त्याच्याजवळ जमिनीवर बसली. याआधी पदर पसरताना ती दरवेळी देवाचं नाव घ्यायची. या खेपेला घेतलं नाही.

"माझं चुकलं, गुंड्या," ती म्हणाली. "मला पंगतीत मिरवायचं होतं. तू नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

गुंड्याने तोंड वळवलं. तिच्याकडे बराच वेळ बघून त्याने पुढचा पाय तिच्या पदरावर ठेवला. प्रमिलाच्या डाव्या गुडघ्यात कळ उठली, ओळखीची, पार पोटरीपर्यंत जाणारी. ती उजव्याची वाट बघत राहिली. गुंड्याने पाय काढून घेतला आणि डोळे मिटले.

रोहिणीबाईंनी उभ्याउभ्याच लिहिलं: डावा, प्रमिला दातीर, उजवा, गुंड्या तांबोळकर. शैलाने पुण्याला फोन करून शुक्रवार रद्द केला.

सोळाव्या सोमवारी दोघी गुंड्याला घेऊन टेकडीवर गेल्या. पूजेचं ताट घेऊन शैला पुढे होती आणि तीन मजले चढण्याच्या सवयीने भराभर वर गेली. मागून प्रमिला आणि गुंड्या आले, ते आरतीला पोचले तेव्हा कापूर अर्धा जळला होता. आरती झाल्यावर मुदत संपली. शैलाने पदर पसरला आणि म्हणाली, आणा आता माझं मला.

प्रमिलाने तांदूळ घेतले. तेवढ्यात गुंड्या तीन पायांवर उठला आणि दोघींच्या मधोमध येऊन बसला. शैलाने त्याला दोनदा बाजूला सारलं. तो दोन्ही वेळा परत येऊन बसला. प्रमिलाने हातातले तांदूळ पिंडीवर वाहिले.

"अजून सोळा," ती म्हणाली. "डावा एवढाच. उजव्याचं मला बोलायला तोंड नाही."

शैलाने पदर आवरला, चुरम्याचे वाटे केले आणि गुंड्याचा वाटा आधी काढला.

उतरताना गुडघे जास्त दुखतात. पहिल्या पायरीशी गुंड्या थांबला. प्रमिलाने डावा पाय जपून खाली टेकवला. ती सावरलीशी दिसल्यावर त्याने आपला उजवा टेकवला, आणि पुढच्या पायरीशी पुन्हा थांबला.